‘काही होणार नाही’ हे वाक्य कधीचं?

*ताई, आमचा बंड्या नऊ महिन्यांचा बोका. पंधरा दिवस झाले, ताप उतरत नाही. खाणं सुटलंय, पाठीचे मणके हाताला लागतात आणि पोट मात्र टम्म फुगलंय. आम्हाला वाटलं जंत असतील. डॉक्टरांनी पोटात सुई घालून थोडं पाणी काढलं, मधासारखं पिवळं आणि चिकट. म्हणाले, ‘एफआयपी आहे, यात काही होणार नाही, हाल होऊ देऊ नका.’ मी रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसते. कुणी म्हणतं औषध निघालंय, कुणी म्हणतं निव्वळ लुबाडणूक आहे. नवरा तसा वाईट माणूस नाही, पण ‘मांजरच आहे गं ते’ असं बोलून गेला आणि तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नाही. घरात दुसरी मांजर आहे, मनी. तिलाही होईल का? चार महिन्यांपूर्वी मीच हट्टानं बंड्याची नसबंदी करून घेतली, त्यामुळे तर नाही ना झालं हे? आशा धरू की सोडू? आणि एक वेडा प्रश्न: त्याला आता खिडकीत उडी मारता येत नाही. खाली उभा राहून वर बघत बसतो. उचलून ठेवत जाऊ का?*
*– बंड्याची आई*

अहो बंड्याची आई,

तुमच्या डॉक्टरांनी उच्चारलेलं वाक्य मी २०११ मध्ये ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत. माझी सोनी तेव्हा जेमतेम वर्षाची होती. तिचंही पोट असंच फुगलेलं, नाकपुड्या फिकट, आणि डोळ्यांत ‘तू काहीतरी कर’ असा भाव. म्हणजे तो भाव मला दिसायचा. तिला तो होता की नाही, देव जाणे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून नवव्या दिवशी ती गेली. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, कारण २०११ मध्ये ते वाक्य खरं होतं.

आज ते तसंच्या तसं खरं राहिलेलं नाही. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांआधी माझा एक प्रश्न: ‘काही होणार नाही’ हे तुमच्या डॉक्टरांचं ज्ञान नेमकं कोणत्या सालचं आहे? हा टोमणा नाही. एफआयपीची केस रोज येत नाही आणि सगळं शिक्षण ‘हा आजार म्हणजे मरण’ याच पाठावर झालेलं असतं. त्यांना भांडखोरपणे नाही, पण सरळ विचारा: ‘जीएस-४४१५२४ या औषधाबद्दल तुमचा काय अनुभव आहे? तुमचा नसेल तर ज्यांनी वापरलंय अशा कुणाशी बोलून बघाल का?’ चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. वाटला, तर दुसरं मत घ्यायला तुम्हाला कारण मिळालं.

आता हे औषध आलं कुठून ते थोडं सविस्तर सांगते, कारण रात्री दोन वाजता मोबाइलवर जे वाचायला मिळतं त्यात खरं-खोटं वेगळं करायला हीच गोष्ट उपयोगी पडते.

एफआयपी, म्हणजे फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस, या आजाराचं वर्णन वैद्यकीय लिखाणात पहिल्यांदा आलं १९६३ साली, बॉस्टनमधून. पुढे कळलं की मुळाशी मांजरांचा कोरोना विषाणू आहे. हा विषाणू अगदी साधा आणि सर्रास आढळणारा. बहुतेक मांजरांना होऊन जातो तरी कळत नाही, फार तर चार दिवस पातळ शी. पण थोड्याच मांजरांच्या शरीरात तो आपलं रूप बदलतो, आतड्यातून निघून रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करतो, आणि मग रक्तवाहिन्या सुजून त्यांतून पाणी झिरपू लागतं. बंड्याच्या पोटात साचलंय ते हेच. दोन वर्षांखालच्या पोरसवदा मांजरांत हा आजार जास्त दिसतो.

कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात नील्स पेडरसन नावाच्या पशुवैद्यांनी काम केलं. या एका आजारामागे त्यांनी जवळजवळ अर्धशतक घालवलं. २०१९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ मांजरांचा अभ्यास छापला. ही प्रयोगशाळेतली मांजरं नव्हती, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरची, खरोखर आजारी पडलेली. त्यांना जीएस-४४१५२४ दिलं. रेमडेसिवीर हे नाव तुम्ही करोनाच्या साथीत ऐकलं असेल. शरीरात गेल्यावर रेमडेसिवीरपासून हाच पदार्थ तयार होतो. ३१ पैकी पाच मांजरं फार पुढच्या अवस्थेत आली होती, ती उपचार सुरू असतानाच गेली. उरलेल्या २६ जणांनी बारा आठवडे किंवा त्याहून जास्त औषध घेतलं. त्यांतल्या आठांना आजार उलटला, त्यांना पुन्हा औषध दिलं, काहींना जास्त मात्रेत. शेवटी २५ वाचली. ज्या आजारात आजवर नऊ-दहा दिवसांचा हिशेब सांगितला जायचा, त्यात ३१ पैकी २५. मी तो आकडा वाचला तेव्हा सोनी जाऊन आठ वर्षं झाली होती. आनंद झाला आणि रडूही आलं. कशाचं किती, ते मला अजून सांगता येत नाही.

मग लुबाडणुकीची भाषा का ऐकू येते? तीही खोटी नाही. औषध गुणकारी आहे हे सिद्ध झालं, पण मांजरांसाठी ते अधिकृतपणे विकायला कुणी तयार नव्हतं. मधल्या काही वर्षांत मांजरांच्या मालकांनी चोरट्या बाजारातून कुप्या मागवल्या आणि घरच्या घरी इंजेक्शनं दिली. ते इंजेक्शन आम्लयुक्त असतं, टोचताना आग होते, कित्येक मांजरांच्या पाठीवर जखमा झाल्या. कुपीवर लिहिलंय तेवढंच औषध आत आहे याची कुणी हमी देत नव्हतं. तरीही मांजरं जगली. २०२१ साली अशा ३९३ मांजरांच्या मालकांकडून माहिती घेऊन एक अभ्यास छापला गेला. माहिती भरली तेव्हा ९६.७ टक्के मांजरं जिवंत होती.

हा आकडा तुम्ही वाचला असणारच, कारण तो सगळीकडे फिरतो. पण जरा थांबा. ज्याचं मांजर तिसऱ्या दिवशी गेलं, तो माणूस प्रश्नावली भरायला बसत नाही. म्हणजे दुःखी घरं या मोजणीत आपसूकच कमी आली. म्हणून मी ९६ धरत नाही. ‘आजार नक्की असेल, वेळेत सुरुवात झाली आणि औषध खात्रीचं असेल, तर बहुतेक मांजरं वाचतात’ एवढंच धरते. तेवढंही सोनीच्या वेळी कुणी मला सांगितलं असतं तर मी रात्रीत कुठूनही औषध आणलं असतं.

आता चोरट्या मार्गाची गरजही कमी होत चालली आहे. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२१ पासून पशुवैद्य हे औषध कायदेशीर देऊ लागले. अमेरिकेत जून २०२४ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते बनवून मिळू लागलं. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, त्यामुळे तुमच्या इथे कायद्यानं काय मिळतं हे डॉक्टरांकडूनच कळेल. हल्ली ते तोंडावाटेही देता येतं, म्हणजे रोजच्या सुईचा छळ टळतो. आणखी एक दिलासा: म्युनिकच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या ४० मांजरांवर अभ्यास केला. निम्म्यांना ८४ दिवस औषध, निम्म्यांना ४२ दिवस. गुण सारखाच आला, ४० पैकी ३८ बरी झाली. मात्र किती दिवस द्यायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. बंड्याच्या डोळ्यांत किंवा मेंदूत आजार पोहोचला असेल तर मात्राही वेगळी लागते आणि हिशेबही.

पण हे सगळं ‘एफआयपीच असेल तर’. पोटात पाणी हृदयाच्या आजारानं होतं, यकृताच्या, कॅन्सरच्या, साध्या जिवाणूंच्या संसर्गानंही होतं. पिवळं, चिकट पाणी एफआयपीकडे बोट दाखवतं, शिक्कामोर्तब करत नाही. त्या पाण्यात प्रथिनं किती, पेशी किती, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचं एकमेकांशी प्रमाण काय, हे पाहून घ्या; ते प्रमाण ०.४ च्या खाली असेल तर संशय बळावतो, ०.८ च्या वर असेल तर दुसरं काही शोधावं. पाण्याची पीसीआर, म्हणजे विषाणू शोधणारी चाचणी, होत असेल तर करावी. मात्र रक्तातली नुसती कोरोनाची अँटिबॉडी पाहून कुणी एफआयपी म्हणत असेल तर ते ग्राह्य धरू नका. ती अँटिबॉडी कदाचित तुमच्या ठणठणीत मनीमध्येही सापडेल.

आणि हे सगळं झटपट हवं. आठवडाभर विचार करायला हा आजार सवड देत नाही. कधीकधी चाचण्यांचे निकाल यायच्या आधीच डॉक्टर औषध सुरू करतात, आणि दोन ते पाच दिवसांत ताप उतरून मांजर वाटीकडे गेलं, तर तोही एक पुरावाच मानतात.

औषध सुरू झालं की तुमची खरी परीक्षा. एक वही करा. मोबाइलमध्ये नको, वहीच, आणि ती औषधाशेजारीच ठेवा. रोज ठरलेल्या वेळेला औषध, आणि दिल्याबरोबर खूण. सकाळी ताप. वजन आठवड्यातून दोनदा: तुम्ही त्याला घेऊन काट्यावर उभ्या राहा आणि नंतर एकट्या, असं चालणार नाही, त्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा घोळ होतो. तान्ह्या बाळाचा काटा मिळवा. वजनावर माझा इतका कटाक्ष का? मात्रा वजनावर ठरते, आणि बरं होणारं नऊ महिन्यांचं पिल्लू भराभर वाढतं. वजन वाढलं आणि औषध तेवढंच राहिलं, तर ते हळूहळू अपुरं पडतं आणि आजार उलटतो.

रात्री मोबाइल बघण्याऐवजी त्याचे श्वास मोजा. तो गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक. मिनिटाला तीसच्या आत असेल तर तुम्हीही झोपा. वारंवार तीसच्या वर जात असेल, किंवा तो तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर छातीत पाणी झालं असण्याची शक्यता आहे. मग सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच न्या. छातीतलं पाणी काढावंच लागतं. पोटातलं मात्र श्वासाला अडचण होत नसेल तर सगळं उपसून घेऊ नका. औषध लागू पडलं की आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप जिरू लागतं.

तुमच्या अपराधीपणाबद्दल. नसबंदीनं एफआयपी होत नाही. ताणामुळे आधीच शरीरात असलेल्या विषाणूला वाव मिळत असावा, असं पशुवैद्य मानतात. पण मांजराच्या आयुष्यात ताण कशाचा नसतो? घर बदललं, पाहुणे आले, शेजारच्या बोक्यानं गुरगुरून दाखवलं. विषाणूनं रूप कधी बदलायचं हे तुमच्या हातात नव्हतं. नसबंदी करणं योग्यच होतं, मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं.

मनीची काळजी नको म्हणत नाही, पण घाबरू नका. बंड्याच्या अंगात बदललेलं ते घातक रूप सहसा एका मांजरातून दुसऱ्यात जात नाही; जातो तो मूळचा साधा विषाणू, शीमधून, आणि तो मनीला केव्हाच होऊन गेला असेल. दोघांच्या शीच्या पेट्या वेगळ्या ठेवा आणि रोज साफ करा, खाण्याच्या वाट्या त्यांच्यापासून लांब. माणसांना यातलं काही होत नाही. सायप्रसमध्ये २०२३ साली मात्र वेगळंच घडलं: मांजराच्या कोरोनाची कुत्र्याच्या कोरोनाशी सरमिसळ होऊन असा प्रकार तयार झाला की तो थेट मांजरा-मांजरांत पसरला. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारनं माणसांच्या कोविडसाठी आणलेल्या गोळ्यांचा साठा मांजरांसाठी खुला केला. हे सांगते ते तुम्हाला भीती घालायला नाही. बेटावरची मांजरं मरताहेत म्हणून सरकार औषधाचं कोठार उघडतं, हे तुमच्या नवऱ्याला ऐकवण्यासारखं आहे.

त्याच्याशी भांडू नका. ‘मांजरच आहे’ हे कित्येकदा ‘तुला असं बघवत नाही आणि मला काय करावं कळत नाही’ याचं पुरुषी भाषांतर असतं. त्याला वादात ओढू नका, कामात ओढा. श्वास मोजायचं काम त्याच्याकडे द्या. घड्याळ लावून मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा. आमच्याकडे हे काम ज्याच्याकडे होतं, तो सोनी गेल्यावर महिनाभर त्या कोपऱ्याकडे न बघता जायचा. खर्चाचं मात्र मोकळेपणानं बोला, आणि आधी बोला. पूर्ण उपचाराला किती लागतील ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तुम्हाला झेपेल तो आकडा दोघांनी ठरवा. अर्धवट सोडलेलं औषध हा सगळ्यात वाईट पर्याय. आणि आकडा झेपत नसेल, तर तसं म्हणण्यात पाप नाही. मग सूज आणि ताप कमी ठेवणारी औषधं, उबदार जागा, आवडीचं खाणं, आणि वेळेवर निरोप. तेही प्रेमच आहे, त्याला कुणी कमी लेखू नये.

निरोपाचं बोलायला तुम्ही घाबरता आहात, पत्रात तो शब्दच नाही. मी बोलते. बंड्याला आवडणाऱ्या तीन गोष्टी आजच वहीच्या मागच्या पानावर लिहा. समजा, मनीला चाटणं, दाराची किल्ली वाजली की येणं, आणि ती खिडकी. औषध चालू असूनही त्या तिन्ही गेल्या आणि दोन दिवसांत एकही परत आली नाही, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोला. आज डोकं शांत असताना ठरवलंत, तर त्या दिवशी ‘आणखी एक दिवस’ या फेऱ्यात अडकणार नाही. मांजर दुखणं लपवतं, आणि वेदनेतही घुरघुरतं. तेव्हा घुरघुरीवर भिस्त ठेवू नका. वेळ आलीच तर आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा आणि तुमच्या मांडीवर होऊ द्या.

तुमची आशा वेडी आहे का, असं तुम्हाला विचारायचं होतं बहुधा. २००५ साली अमेरिकेतल्या एका बाईंचं ब्रिया नावाचं पिल्लू एफआयपीनं गेलं. त्या बाईंनी त्याच्या नावानं निधी सुरू केला, १९६८ पासून मांजरांच्या आजारांवरील संशोधनाला पैसे पुरवणाऱ्या विन फाउंडेशनमध्ये. संस्थेचं नाव आता एव्हरीकॅट झालंय, आणि एफआयपीवरच्या संशोधनाला त्या निधीतून वर्षानुवर्षं पैसा गेला. जपानमध्ये तोरु मियाझाकी नावाचे संशोधक मांजरांच्या मूत्रपिंडाच्या आजारावर औषध शोधताहेत. २०२१ मध्ये पैशांअभावी काम अडलंय हे कळल्यावर मांजरवाल्यांनी देणग्यांचा पाऊस पाडला. तेव्हा तुमच्यासारख्या रात्री जागणाऱ्या बायका आणि पुरुष बरेच आहेत, आणि बंड्याला मिळू शकणारं औषध काही अंशी त्यांच्या जागरणातून आलंय. तुमची वही नीट ठेवा. बंड्याचं काहीही झालं तरी तिची एक प्रत डॉक्टरांना द्या. पुढचा बंड्या त्यांच्याकडे येईल तेव्हा त्यांच्या तोंडी वेगळं वाक्य असेल.

राहिला तुमचा तो वेडा प्रश्न, जो मला सगळ्यात शहाणा वाटला. उचलून ठेवू नका. पोटात पाणी असताना पोटाखाली हात घालून उचललं की दुखतं, आणि खाली उतरताना तो एकटाच उडी मारेल. खिडकीशी एक बुटका स्टूल ठेवा, त्यापुढे त्याहून बुटकं खोकं, दोन्हींवर घसरणार नाही असं जुनं पोतेरं नाहीतर टॉवेल. पहिल्या दिवशी तो खोक्यावरच बसेल. बसू द्या.